आयडाचा चिमुकला चंद्र

तुमच्या हातात एखादा दगड दिला आणि "याचे वजन किती?" असे विचारले, तर तुम्ही काय कराल? सरळ वाण्याच्या दुकानात जाल आणि तो तराजूत ठेवाल. दगड फारच मोठा असेल, तर तो ट्रकमध्ये घालून वजनकाट्यावर न्यावा लागेल. पण समजा, तो दगड साठ किलोमीटर लांब आहे. तो जमिनीवर नाही, तर आकाशात आहे आणि आपल्यापासून कोट्यवधी किलोमीटर दूर आहे. मग त्याचे वजन कसे करायचे? तेवढा मोठा तराजू कोठून आणायचा?

असा एक दगड खरोखरच आहे. त्याचे नाव आयडा. त्याचे वजन माणसाने केले आहे. ते कसे केले, त्याची ही हकिकत आहे.

सूर्याभोवती फिरणारे ग्रह तुम्हांला माहीत आहेत. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे सूर्याच्या जवळचे ग्रह. मंगळानंतर गुरू येतो. पण मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फार मोठी जागा आहे. एवढ्या मोठ्या जागेत एखादा ग्रह असलाच पाहिजे, असे जुन्या काळच्या काही खगोलशास्त्रज्ञांना वाटत असे. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथे जुसेप्पे पियाझी या शास्त्रज्ञाला त्या जागेत एक लहानसा गोल सापडला. त्याला सेरेस हे नाव दिले गेले. त्यानंतर तसे आणखी गोल सापडत गेले. ते ग्रहांपेक्षा फारच लहान होते. म्हणून त्यांना लघुग्रह म्हणू लागले. 'लघु' म्हणजे लहान. उर्दूत ग्रहाला 'सय्यारा' आणि लघुग्रहाला 'सय्यारचा' म्हणतात. दोन्ही भाषांतील शब्दांचा अर्थ एकच आहे : छोटा ग्रह. सेरेस मात्र त्या सर्वांत मोठा आणि गोल असल्यामुळे २००६ सालापासून त्याला बटुग्रह म्हणतात.

मंगळ आणि गुरू यांच्यामधील या प्रदेशाला लघुग्रहांचा पट्टा असे म्हणतात. तेथे लाखो लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत आहेत. चित्रांत या पट्ट्यात दगडांची दाटी दाखवलेली असते. प्रत्यक्षात तसे नाही. तेथील जागा इतकी अफाट आहे, की दोन मोठ्या लघुग्रहांमध्ये लाखो किलोमीटरचे अंतर असते. पट्ट्यातील सगळे लघुग्रह एकत्र केले, तरी आपल्या चंद्राएवढा गोल तयार होणार नाही.

सगळे लघुग्रह सारखे नसतात. काही कोळशासारखे काळे असतात. त्यांत कार्बनचे प्रमाण बरेच असते. काहींत लोखंड आणि निकेल या धातूंचे प्रमाण जास्त असावे, असे दिसते. काही मात्र खडकाळ असतात. आपल्या डोंगरांतील खडक ज्या सिलिकेट नावाच्या खनिजांचे बनलेले असतात, त्याच जातीची खनिजे त्यांत असतात. तेथे कोणी गेलेले नसताना हे कसे कळते? प्रकाशावरून. लाल वीट, पांढरा चुना आणि काळा कोळसा यांवर एकच ऊन पडते. पण तिघांवरून परत येणारा प्रकाश वेगवेगळा असतो. लघुग्रहावरून परत आलेला सूर्यप्रकाश दुर्बिणीतून घेऊन शास्त्रज्ञ त्यातील रंग वेगळे करतात आणि त्यांवरून तो कशाचा बनला असावा, हे ओळखतात. आयडा हा असाच एक खडकाळ लघुग्रह आहे.

आयडाचा शोध २९ सप्टेंबर १८८४ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात लागला. तो योहान पालिसा या शास्त्रज्ञाने लावला. पालिसा रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसत आणि ताऱ्यांच्या नकाशाशी आकाश ताडून पाहत. नकाशात नसलेला एखादा ठिपका दिसला आणि तो जागा बदलू लागला, की तो लघुग्रह असे ते समजत. अशा रीतीने त्यांनी एकूण १२२ लघुग्रह शोधून काढले. आजपर्यंत सापडलेल्या लघुग्रहांच्या यादीत आयडाचा क्रमांक २४३ आहे. त्याचे नाव ग्रीक कथांमधून घेतलेले आहे. क्रीट बेटावर आयडा नावाचा पर्वत आहे आणि त्याच नावाची एक वनदेवताही त्या कथांत आहे.

पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ आयडा म्हणजे दुर्बिणीतला एक ठिपकाच होता. तरीही शास्त्रज्ञांनी त्या ठिपक्यावरून बरेच काही शोधून काढले. सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याला सुमारे चार वर्षे दहा महिने लागतात. त्याचा प्रकाश ठरावीक वेळाने कमी-जास्त होतो. म्हणजे तो गोल नसून लांबट असला पाहिजे आणि स्वतःभोवती फिरत असला पाहिजे. ही फेरी तो केवळ ४ तास ३८ मिनिटांत पूर्ण करतो. जपानी शास्त्रज्ञ कियोत्सुगु हिरायामा यांनी १९१८ साली दाखवून दिले, की काही लघुग्रहांच्या कक्षा एकमेकींशी फार मिळत्याजुळत्या आहेत. फार प्राचीन काळी एखादा मोठा लघुग्रह दुसऱ्यावर आदळून फुटला आणि त्याचे तुकडे झाले. हे तुकडे म्हणजेच लघुग्रहांचे एक कुटुंब होय. आयडा हा कोरोनिस नावाच्या अशाच एका कुटुंबातील आहे.

आता तुम्ही विचाराल, की एवढ्या लांबच्या दगडाची माणसाने इतकी चौकशी का करावी? त्याचे एक कारण आपल्याच देशात पाहायला मिळते. २८ जानेवारी १९७६ रोजी गुजरातमधील धजाला या गावाच्या परिसरात आकाशातून दगड पडले. आकाशातून जमिनीवर येऊन पडणाऱ्या अशा दगडांना अशनी म्हणतात. धजालाचे दगड ज्या जातीचे होते, त्या जातीला सामान्य कॉन्ड्राइट असे नाव आहे. पृथ्वीवर पडताना दिसलेल्या अशनींपैकी बहुतेक याच जातीच्या असतात. मग या येतात कोठून? लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आपल्या बाजूच्या भागात खडकाळ लघुग्रहच जास्त आहेत. तेव्हा या अशनी त्यांचेच तुकडे असतील, असे मानणे साहजिक होते. पण एक अडचण होती. दोघांचा रंग जुळत नव्हता. खडकाळ लघुग्रहांवरून येणारा प्रकाश अशनींवरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा तांबूस होता. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणत, "हे त्यांचे तुकडे नाहीत." दुसरे म्हणत, "आहेत. पण लघुग्रहाच्या पृष्ठभागाचा रंग काळाच्या ओघात बदलला आहे." हा वाद मिटवायचा, तर एखादा खडकाळ लघुग्रह जवळून पाहायला हवा होता आणि त्याचे वजनही करायला हवे होते.

वजन कशासाठी? एक लिटरचे भांडे पाण्याने भरले, तर त्या पाण्याचे वजन एक किलो भरते. तेवढ्याच आकाराच्या लोखंडी ठोकळ्याचे वजन जवळजवळ आठ किलो भरेल. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा तेवढाच ठोकळा घेतला, तर त्याचे वजन सुमारे तीन किलो होईल. या गुणधर्माला घनता म्हणतात. वस्तूचा आकार आणि वजन ही दोन्ही कळली, की तिची घनता कळते आणि ती आतून कशाची आहे, याचा अंदाज येतो. रंगावरून केवळ वरचे साल कळते. घनतेवरून आतला गर कळतो.

ही संधी गॅलिलिओ नावाच्या अमेरिकन अवकाशयानामुळे मिळाली. १८ ऑक्टोबर १९८९ रोजी ते गुरूकडे जाण्यासाठी निघाले. गुरूकडे जाताना लघुग्रहांचा पट्टा ओलांडावा लागतो. म्हणून वाटेत गास्प्रा आणि आयडा या दोन लघुग्रहांजवळून ते न्यायचे ठरले. परंतु १९९१ साली एक मोठी अडचण आली. यानाची मुख्य अँटेना छत्रीसारखी उघडायची होती. तिच्या काही काड्या अडकल्या आणि ती नीट उघडलीच नाही. तिच्याशिवाय पृथ्वीकडे छायाचित्रे भराभर पाठवणे शक्य नव्हते. शास्त्रज्ञांनी पुष्कळ खटपट केली, पण छत्री काही उघडेना. शेवटी त्यांनी लहान अँटेनावरच काम भागवायचे ठरवले. २९ ऑक्टोबर १९९१ रोजी यान गास्प्राजवळून गेले. लघुग्रहाजवळून यान जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

२८ ऑगस्ट १९९३ रोजी आयडाची पाळी आली. यान त्याच्यापासून सुमारे २,४०० किलोमीटर अंतरावरून गेले. त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेबारा किलोमीटर होता. या वेगाने मुंबईहून नागपूरला एका मिनिटात पोहोचता येईल! यानाने छायाचित्रे काढली आणि ती आपल्या टेपवर साठवून ठेवली. पण ती पृथ्वीवर आणायची कशी? लहान अँटेनातून माहिती सेकंदाला सुमारे ४० बिट एवढ्या मंद गतीने येत होती. बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान भाग. एका पूर्ण छायाचित्रात पन्नास लाखांहून अधिक बिट होते. म्हणजे केवळ एक छायाचित्र यायला दीड दिवस लागणार!

सप्टेंबर १९९३ मध्ये पहिली काही छायाचित्रे आली. आयडाचे रूप प्रथमच माणसाला दिसले. तो ओबडधोबड, लांबट आणि मध्ये थोडा वाकलेला होता. त्याची लांबी सुमारे ६० किलोमीटर, रुंदी २५ किलोमीटर आणि जाडी १९ किलोमीटर भरली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने अंबरनाथ जेवढे दूर, तेवढी त्याची लांबी. त्याच्या अंगावर लहानमोठ्या असंख्य विवरांचे खड्डे होते. इतर दगड आदळून ते पडले होते. या विवरांना पुढे जगातील प्रसिद्ध गुहांची नावे देण्यात आली. तेथील एका प्रदेशाला पालिसांचे आणि एकाला व्हिएन्ना शहराचे नाव मिळाले.

बाकीची छायाचित्रे अजून यानाच्या टेपवरच होती. ती सगळी पूर्ण मागवायला वेळ पुरला नसता. काही छायाचित्रांत तर नुसते काळे आकाशच असण्याची शक्यता होती. तेव्हा शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. प्रत्येक छायाचित्राच्या मधूनमधून थोड्याच ओळी मागवायच्या. त्या ओळींत आयडा कोठे आहे ते पाहायचे आणि मग कामाचा तेवढाच भाग पूर्ण मागवायचा. खिडकीच्या गजांतून बाहेर पाहावे, तसे हे पाहणे होते.

१७ फेब्रुवारी १९९४ रोजी या मोहिमेतील ॲन हार्च या अशाच ओळी तपासत होत्या. आयडाच्या शेजारी त्यांना आणखी एक लहानसा ठिपका दिसला. तो काय असावा? एखादा तारा? की कॅमेऱ्यातला दोष? घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. यानावर उष्णतेचे किरण टिपणारे दुसरे एक उपकरण होते. त्याची नोंद तपासली, तर तेथेही तोच ठिपका, त्याच जागी! तेव्हा शंका उरली नाही. आयडाला स्वतःचा चंद्र होता. मार्च १९९४ मध्ये ही बातमी जगाला कळली. लघुग्रहाला चंद्र असू शकतो की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत पुष्कळ वर्षे मतभेद होते. त्याचा पहिला पक्का पुरावा आता मिळाला.

या चंद्राचे नाव डॅक्टिल ठेवण्यात आले. ग्रीक कथांत आयडा पर्वतावर राहणाऱ्यांना हे नाव आहे. डॅक्टिल फार लहान आहे. त्याची लांबी सुमारे १६०० मीटर आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्ही पाहिले असेल किंवा त्याविषयी वाचले असेल. आकाशातून आलेला पाषाण आदळून तयार झालेल्या त्या विवराची रुंदी सुमारे १८०० मीटर आहे. डॅक्टिल उचलून आणला, तर तो लोणारच्या काठाच्या आत मावेल. आयडासमोर तो हत्तीपुढे उंदरासारखाच आहे.

पण याच उंदराने हत्तीचे वजन करून दिले! ते असे. एका दोरीला दगड बांधून तुम्ही तो गरगर फिरवता, तेव्हा हाताला ओढ जाणवते. दगड जितका जोराने फिरेल, तितकी दोरी घट्ट धरावी लागते. डॅक्टिल आयडाभोवती फिरतो, तेव्हा तेथे दोरी नसते. आयडाचे गुरुत्वाकर्षण हीच दोरी. ज्या वस्तूचे वजन, म्हणजे शास्त्राच्या भाषेत वस्तुमान, जास्त, तिचे गुरुत्वाकर्षण जास्त. म्हणून चंद्र किती अंतरावरून आणि किती वेगाने फिरतो हे कळले, की मधल्या वस्तूचे वस्तुमान गणिताने काढता येते. डॅक्टिल आयडापासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर दिसला. यानाने त्याला थोडेच तास पाहिले होते, त्यामुळे त्याचा पूर्ण मार्ग कळला नाही. तरीही शास्त्रज्ञांनी विचार केला, की आयडा फार हलका असता, तर डॅक्टिल निसटून गेला असता. आणि फार जड असता, तर डॅक्टिलचा मार्ग वेगळा दिसला असता. अशा रीतीने दोन्ही बाजूंच्या मर्यादा ठरवून त्यांनी अंदाज बांधला. आयडाचे वस्तुमान सुमारे ४० लाख कोटी टन निघाले.

आयडाचा आकार छायाचित्रांवरून माहीत झालाच होता. त्यावरून घनता काढली. आयडाचा एक लिटरचा ठोकळा सुमारे २.६ किलो भरेल, असे उत्तर आले. हा आकडा अंदाजाचा असल्यामुळे तो थोडा कमी किंवा जास्त असू शकतो. पण लोखंडाच्या आठ किलोंपासून तो फार दूर आहे. म्हणजे आयडा धातूचा गोळा नाही. तो आतूनही खडकच आहे. सामान्य कॉन्ड्राइट जातीच्या भरीव अशनीची घनता सव्वातीन ते साडेतीनच्या आसपास असते. आयडाची घनता त्याहून कमी आहे. याचा अर्थ असा, की त्याच्या आत भेगा आणि पोकळ्या असाव्यात. वारंवार आघात होऊन तो आतून तडकलेला असावा.

रंगाच्या कोड्याचाही धागा आयडावरच मिळाला. जेथे नवी विवरे पडली होती, तेथील खडक कमी तांबूस होता आणि तो अशनींच्या रंगाशी जास्त जुळत होता. जुन्या पृष्ठभागावर सूर्याकडून येणारे कण आणि अवकाशातील बारीक धूळ यांचा मारा होत राहतो. त्यामुळे त्याचा रंग हळूहळू बदलतो. जुन्या लोखंडी खिळ्यावर गंज चढतो आणि तो घासला, की आत चकाकणारे लोखंड दिसते. तसेच काहीसे हे आहे. पुढे जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या दुसऱ्या एका खडकाळ लघुग्रहावरील धुळीचे कण २०१० साली पृथ्वीवर आणले. त्यांची तपासणी झाल्यावर खात्रीच पटली, की सामान्य कॉन्ड्राइट अशनी खडकाळ लघुग्रहांपासूनच येतात. त्या दोघांचे नाते पक्के झाले.

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा, की तुम्ही आयडावर उभे आहात. तेथे हवा नाही. म्हणून भर दुपारीही आकाश काळेच दिसेल. साधारणपणे सव्वादोन तासांत सूर्य उगवून मावळेल. आपली शाळा भरल्यापासून मधली सुट्टी होईपर्यंत तेथला दिवस संपून जाईल! तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कमी आहे. पृथ्वीवर ४० किलो वजन असलेल्या मुलाला तेथे आपले वजन जेमतेम ४० ग्रॅम वाटेल. क्रिकेटमधील एखाद्या वेगवान गोलंदाजाने तेथून चेंडू वर फेकला, तर तो परत येणारच नाही. आयडाला कायमचा सोडून जाईल. सीमारेषेवर उभ्या असलेल्या खेळाडूने त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

डॅक्टिलनंतर लघुग्रहांचे आणखी चंद्र सापडू लागले. आज अशा शेकडो लघुग्रहांची नोंद झाली आहे. १ नोव्हेंबर २०२३ रोजी ल्युसी नावाचे यान पट्ट्यातील डिंकिनेश या छोट्याशा खडकाळ लघुग्रहाजवळून गेले, तेव्हा त्यालाही एक चंद्र असल्याचे दिसले. आयडापासून आपल्याला काही धोका नाही. तो आपल्या कक्षेत, पट्ट्यातच फिरत असतो. पण काही लघुग्रह पृथ्वीच्या कक्षेजवळ येतात. लोणारचे विवर त्याची आठवण करून देते. असा एखादा दगड आपल्याकडे येऊ लागला, तर त्याला धक्का देऊन बाजूला सारता येईल का? हे पाहण्यासाठी २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट नावाचे यान डायमॉर्फोस या लहानशा चंद्रावर मुद्दाम आदळवण्यात आले. डायमॉर्फोस हा डिडिमोस नावाच्या लघुग्रहाचा चंद्र आहे. त्या धक्क्याने त्याच्या फेरीचा वेळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक कमी झाला. भरीव दगड आणि तडकलेला, पोकळ दगड यांना धक्का दिला, तर परिणाम सारखा होत नाही. म्हणून दगड आतून कसा आहे, हे आधी माहीत असावे लागते. आयडाच्या वजनाचे महत्त्व येथे कळते.

गॅलिलिओ यान १९९५ साली गुरूजवळ पोहोचले. तेथे अनेक वर्षे काम करून २१ सप्टेंबर २००३ रोजी ते गुरूच्या वातावरणात शिरले आणि नष्ट झाले. आयडाजवळ त्यानंतर दुसरे कोणतेही यान गेलेले नाही. डॅक्टिल आयडाभोवती एक फेरी नेमकी किती वेळात पूर्ण करतो, हे मोजायचे राहूनच गेले आहे. अँटेना नादुरुस्त असतानाही थोड्याशा ओळी बारकाईने पाहणाऱ्या माणसांनी एवढे शोधून काढले. राहिलेले मोजमाप पुढच्या पिढीने करायचे आहे. ती पिढी म्हणजे तुम्हीच.